गायकर मॅडमची सोयरीक

गायकर मॅडम स्टाफरूममध्ये येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. जिन्यातच कुणाला तरी झापत, कुणाच्या तरी आईच्या गुडघ्यांची चौकशी करत बाई वर चढायच्या, आणि त्या दारात पोचेपर्यंत आम्ही सगळे शहाण्यासारखे पेपर तपासायला लागलेलो असायचो. विषय संख्याशास्त्र. राहायला बदलापूर. तिथून उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजपर्यंत रोज स्कूटीवर, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि गजऱ्यावर हेल्मेट. हेल्मेट काढलं की गजरा चपटा झालेला असायचा. मग आरशासमोर उभं राहून त्याची फुलं एकेक करून फुगवत म्हणायच्या, "सरकारनं डोक्याचा विचार केला हो, गजऱ्याचा नाही केला."

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. तसं त्या कुणालाच मारत नसत. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून मी 'कॉमर्स'. जीवशास्त्राच्या बाई 'बायो', हिंदीचे सर नुसतेच 'हिंदी'. "ए कॉमर्स, हाताला मेंदी लावलीय का? खुर्च्या उचल!" ही माझी त्यांच्याकडून झालेली पहिली ओळख. मी नवीन, अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये वाढलेला, रविवारी दुपारी झोपणं हा माझा जन्मसिद्ध हक्क समजणारा माणूस. त्या बाईंनी माझे पुढचे सगळे रविवार खाल्ले. आणि खरं सांगतो, आज मला त्यातला एकही परत नकोय.

प्राचार्य मोटवानी सरांना मात्र त्या 'साईं' म्हणायच्या. सर उल्हासनगरच्याच कॅम्प पाचचे, पक्के सिंधी, पांढरा सफारी आणि सोन्याच्या काड्यांचा चष्मा. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये शिरताना मोठ्यानं खुशाली विचारायच्या, "कीअं आहियो, साईं?" आणि सर लगेच सावध व्हायचे, कारण इतक्या गोड सिंधीत सुरू झालेलं बोलणं हमखास कॉलेजची बस मागण्यावर संपायचं. या सिंधीचा मॅडमना बाजारात भारी उपयोग. दुकानदार भाव सांगायचा, या त्याच्याच भाषेत त्याच्या आईची तब्येत विचारायच्या, आणि तो बिचारा स्वतःहूनच खाली यायचा.

एकदा विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक कॉलेजनं एक गाव दत्तक घ्यावं. मीटिंगमध्ये सरांनी ते वाचून दाखवलं आणि बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या पुढचं एक गाव सुचवलं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथले लोक अजून मला जेवायला बोलावतात आणि ते मला बंद करायचं नाहीये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या, "साईं, त्या गावाला आईबाप नाहीत का?"

"मतलब?"

"दत्तक कुणाला घेतात? ज्याचं कुणी नाही त्याला. त्या गावात माझी आत्या दिलीय. तिथलं देऊळ आपल्या कॉलेजच्या पायाच्याही आधीचं आहे. आपण त्यांना मांडीवर घेणार? बसतील तरी का ते?"

सरांनी चष्मा पुसला. "फिर क्या करें मॅडम? ऊपर से लेटर आया है."

"सोयरीक करू," मॅडम म्हणाल्या. "कागदावर तुम्ही काय लिहायचं ते लिहा. आपण सोयरीक करायची. दोन घरांत होते तशी. आपण त्यांच्याकडे जायचं, त्यांनी आपल्याकडे यायचं. नुसतं आपणच जायचं आणि माहिती लिहून आणायची, याला सोयरीक नाही म्हणत, वसुली म्हणतात."

सर हसून म्हणाले, "शादी में बहुत तकलीफ होती है, मॅडम." तेव्हा त्यांनाही कल्पना नव्हती की बाई हे सगळं शब्दशः घेणार आहेत.

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. मुलांनी एकसारखे टी-शर्ट घातलेले, हातात कॉलेजच्या नावाचा लांबलचक बॅनर. गावच्या वेशीवर मॅडमनी स्कूटी आडवी घातली आणि बॅनर गुंडाळून बसच्या सीटखाली ठेवायला लावला. "सोयऱ्यांच्या घरी पाटी घेऊन जातात का? चला, आता प्रत्येकानं एका घरी जायचं आणि काहीतरी मागून आणायचं."

मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आम्ही तर वाटायला आलो होतो. वह्या होत्या, साबण होते, आरोग्याची पत्रकं होती.

"वाटणारे फार येतात रे," मॅडम म्हणाल्या. "देणाऱ्याचा हात वर असतो, हे त्यांना रोज कळतं. आज त्यांचा हात वर असू दे. पातेलं मागा, चटई मागा, शिडी मागा. ज्यानं आपल्याला वस्तू दिली तो आपली वाट बघतो. निदान वस्तूसाठी तरी बघतो."

माझ्या वाट्याला खिचडीसाठी मोठा तोप मागणं आलं. गावाच्या एका बाजूला नवे टॉवर उभे होते, त्यांच्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत होते, आणि खाली बांधाबांधानं उरलेली भातशेती. शेताला लागून असलेल्या एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि नजर अशी की मला माझा दहावीचा निकाल आठवला. त्या जनाबाय. गावात त्यांचा शब्द शेवटचा, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तोप? कशाला पायजे?"

"खिचडी करायचीय, मावशी."

"तू करनार?" त्यांनी असं विचारलं की मला स्वतःचीच शंका यायला लागली. पण त्यांनी सुनेला हाक मारून तोप काढायला लावला. सून म्हणजे सुनीता, तिशीच्या आतबाहेरची, बोलायला एकदम कमी. तो तोप एवढा मोठा की तिनं आणि मी दोन कड्या धरून नेला. आणि मागोमाग जनाबाय. कशाला? तर तोप कुठे चालला ते बघायला. देवळापाशी येऊन उभ्या राहिल्या, मुलांचं कांदा चिरणं बघितलं, खिचडीचा एक घास घेतला आणि म्हणाल्या, "याला खिचरी बोलतान? गुरांचा आंबोन हाय यो!" पदर खोचला, मुलांना बाजूला सारलं आणि चुलीचा ताबा घेतला. मॅडम लांबून बघत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "झाली ओळख. आता उद्घाटन करायला नको."

आमच्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत. त्यामुळे तो तोप घासूनपुसून परत करताना त्यात काय घालायचं हा प्रश्न आला. मोटवानी सरांच्या घरून मोठे सिंधी पापड आले. सर म्हणाले, आमच्यात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात, सोयरीक करताय तर आमच्या घरचा पापड हवाच. पुढल्या खेपेला गावातून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये बोंबलाचा असा काही घमघमाट सुटला की शाकाहारी बायो दोन तास लायब्ररीत जाऊन बसल्या.

विद्यापीठाला या सगळ्याचा अहवाल लागायचा. मॅडम संख्याशास्त्राच्या असूनही, किंवा असल्यामुळेच, त्यांना आकड्यांचा फार भरवसा नसे. "सरासरी कुणाच्या घरी जेवायला येत नाही," असं त्या वर्गात फळ्यावर लिहायच्या आणि मग दोन तास सरासरीच शिकवायच्या. अहवालात 'लाभार्थी' असा शब्द असे. मॅडम तो खोडून प्रत्येक ठिकाणी 'सोयरे' लिहायच्या. एकदा वरून विचारणा आली, की 'सोयरे' म्हणजे नेमके कोण, याची व्याख्या द्यावी. मॅडमनी कळवलं, की जे आपल्यावर रुसू शकतात ते. ते पत्र वाचून मोटवानी सरांनी दोन्ही हात डोक्याला लावले, पण सही केली.

सुनीतानंच एकदा हळूच विचारलं होतं. देवळात तोप परत न्यायला आलेली, निघता निघता पायरीशी थांबली. "मॅडम, दहावी परत देता येते का हो?" नववी पास होऊन लग्न झालेलं. मॅडमनी तिचा दंड धरून ठेवला. पुढच्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. आमची कॉलेजची मुलं शिकवायची आणि गावातल्या शाळा सुटलेल्या बायका शिकायच्या. जनाबाय मागच्या खांबाला टेकून वाल सोलत बसायच्या. सून कुणाशी काय बोलते यावर लक्ष ठेवायला आल्या होत्या म्हणे. पण काही महिन्यांनी आम्ही ऐकलं, की मागून आवाज येतोय, "सुनीता, हातचा इसरलीस!" आणि खरंच ती हातचा विसरली होती. त्या बायका दहावी झाल्या. मग बारावीही झाल्या. ज्या दिवशी बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये नाचल्या. नाचल्या म्हणजे खरोखर, आगरी लग्नात नाचतात तशा, पदर कमरेला खोचून. हिंदीचे सर टाळ्यांचा ताल धरत होते. मी आयुष्यात कुणाच्या निकालाला इतका खूश झालो नव्हतो, माझ्या स्वतःच्या तर नाहीच नाही.

आता बीए. मॅडमचं एकच म्हणणं होतं, की बीएचा वर्ग कॉलेजातच भरला पाहिजे. फाटकाच्या आत, बाकांवर, लायब्ररीच्या कार्डासकट. इतकी वर्षं आपण जातोय, त्यांच्यातलं कुणी अजून आपल्या उंबऱ्यात आलेलं नाही, हे त्यांना खुपायचं. निवृत्ती जवळ आली होती. "माझी शेवटची परीक्षा आहे ही, कॉमर्स," असं त्या गमतीत म्हणायच्या, पण त्यांचा चेहरा तेव्हा गमतीतला नसायचा.

विद्यापीठ तयार झालं. बायकांच्या सोयीच्या वेळेची खास तुकडी मिळेल, पण कॉलेज आणि गाव यांचा करार कॉलेजात, विद्यापीठाच्या समितीसमोर व्हायला हवा; गावानं येऊन सह्या करायला हव्यात. समिती एकच दिवस येणार होती. त्या दिवशी करार झाला नाही, तर ती तुकडी दुसऱ्या कॉलेजला जाणार होती. जनाबायना विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला होता. सून गाव सोडून उल्हासनगरला जाणार, रोज. शेवटी म्हणाल्या, "रीतसर बोलावना येव दे. मानानं बोलावला तं मानानं पाठवीन." सुनीता तेव्हा आत चुलीपाशी होती, आणि तिच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आणि इथे गायकर मॅडमनी चूक केली. दुसऱ्या कुणी केली असती तर मी समजू शकलो असतो. बायोंच्या भाच्याच्या लग्नाला ज्या बाई गेल्या नव्हत्या, का तर पत्रिका मोबाईलवर आली, त्याच बाईंनी समितीच्या धावपळीत, मंडप, प्रोजेक्टर, खुर्च्यांच्या खोळी, पुष्पगुच्छ या सगळ्या गडबडीत ऑफिसला सांगितलं, की निमंत्रण गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकून द्या. टाकलं त्यांनी. फ्लॅटच्या जाहिराती आणि सुप्रभातच्या गुलाबांच्या मधे कुठेतरी आमचं रंगीत निमंत्रण जाऊन बसलं.

समिती आली. अध्यक्षबाई मुंबईच्या, वेळेच्या एकदम काटेकोर. त्यांना पाणी दिलं, पापड दिला, हॉलमध्ये नेलं. हॉल रिकामा. खुर्च्यांच्या मागे बांधलेल्या सॅटिनच्या गाठी पंख्यानं हलत होत्या, एवढीच काय ती हालचाल. मॅडमनी सुनीताला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. पलीकडून अगदी हळू आवाज आला, "मॅडम, आई म्हणतात, आपल्याला कुणी बोलावलंच नाही."

मॅडमनी फोन खाली घेतला. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि सांगतो, मला भीती वाटली. मग त्या म्हणाल्या, "कॉमर्स, मी गाढव आहे रे. नुसती गाढव नाही, शिकलेली गाढव."

मोटवानी सर म्हणाले, "मॅडम, टेन्शन मत लो. हम सब वहीं चलते हैं, वहीं साइन करवा लेते हैं."

"नाही, साईं. सही तिथे झाली की वर्गही तिथेच राहील. परत आपणच जाणार आणि ती ओट्यावरच बसणार. सही इथेच होणार." मग अध्यक्षबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "मॅडम, आमचे सोयरे रुसलेत. चूक माझी आहे. समजूत काढायला जाते. तुम्हीही चला, तुमच्याशिवाय शोभा नाही." अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं, रिकाम्या हॉलकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, पर्स उचलली.

जनाबाय ओट्यावर होत्या. आम्हाला बघून त्यांनी मान वळवली आणि वालाच्या शेंगांकडे लक्ष दिलं. सुनीता दाराआड उभी. तिनं नवी साडी नेसलेली होती. सकाळपासून नेसून बसली असणार. मॅडम ओट्यावर मांडी घालून बसल्या, सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागल्या.

"चुकला माझा," मॅडम म्हणाल्या. त्या आगरी बोलायला लागल्या की आवाज बदलायचा, लहान व्हायचा.

"तुना म्हाईत नाय क, यमुना?" मॅडमना नावानं हाक मारणाऱ्या जनाबायचा आवाज मात्र मोठाच होता. "तू आपल्यातली. हे साहेब लोक चुकतीन, तू कशी चुकलीस? लगनाला कोन मोबाईलवर बोलावता? माझी सून मी अशी पाठवू, कुनी न बोलावता? उद्या तिना कोनी म्हनला, तू कशाला आयलीस, तं?"

"नाय म्हननार कोनी."

"म्हनतील. बिनबोलावन्याचा मानूस दारातच उभा रहाता." आणि मग एकदम त्यांचा स्वर उतरला. "ती रोज पहाटे उठून वाचते गो. मना ठाव हाय. म्हनून तं राग आयला."

दाराआड सुनीतानं तोंडाला पदर लावला. मी टॉवरकडे बघायला लागलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

मॅडमनी डोळे पुसले, हात झटकले आणि उठल्या. "मंग आता बोलावते. रीतसर. तांदूल कुठं हाय? मूठभर दे मना, नि चिमूटभर हलद. मी रिकाम्या हातानं आयलंय."

जनाबाय त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माझ्याच घरचं तांदूल घेऊन मनाच बोलावनार?"

"तुझंच. माझ्याकडं कुठं हाय शेती?"

मग जनाबाय हसल्या. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, आणि सूप उलटं होऊन सगळे वाल ओट्यावर पसरले. सुनीता पळत जाऊन तांदूळ घेऊन आली. मॅडमनी ते हळदीत कालवले, पहिल्या अक्षता घरातल्या देवापुढे ठेवल्या, दुसऱ्या जनाबायच्या हातात दिल्या आणि पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, "आमच्या घरी कार्य हाय. सगल्यांनी यावा." मोटवानी सरांनाही कुणी न सांगता कळलं. त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि म्हणाले, "जरूर आना जी. हमारा घर आपका है." मग घरोघर. पुढे मॅडम, मागे सफारीतले सर, त्यांच्या मागे विद्यापीठाच्या अध्यक्षबाई अक्षतांचं ताट धरून. बाईंच्या हातात ते ताट कुणी दिलं मला माहीत नाही, पण त्यांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

"येताव," प्रत्येक घर म्हणालं. पण येताव म्हणजे लगेच नाही. मानाचं बोलावणं म्हणजे मानाचं नटणं आलं. कपाटं उघडली, पेट्या उघडल्या, सोनं निघालं, गजऱ्यांसाठी कुणीतरी बाईकवर बदलापूरला पळालं. अध्यक्षबाईंनी परतीची गाडी सोडून दिली आणि जनाबायच्या ओट्यावर भाकरी खात बसल्या. मॅडम मात्र थांबल्या नाहीत. "मी आता तिकडची. माझ्या घरी पाहुणे येणार, मला पुढे जायला हवं," म्हणत त्यांनी स्कूटीला किक मारली आणि मला मागे बसवलं. वाटेत दर सिग्नलला त्या माझ्यावर ओरडत होत्या, जणू काही उशीर मी केला होता.

कॉलेजात पोचल्यावर त्यांनी बायोंना कामाला लावलं. दारात रांगोळी, पाण्याचा तांब्या, ओवाळायला ताट. उंबऱ्याशी पाहुण्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये भाकरी कुठली मिळणार? बायोंनी वडापावचा पाव आणला.

आले ते टेम्पोतून, रिक्षांतून, आणि पुढे गावचं बेंजो पथक. कॅम्प पाचच्या रस्त्यावर दुकानदार बाहेर येऊन विचारायला लागले, "किसकी शादी है भाई?" फाटकावरच्या नव्या वॉचमननं आडवा हात केला, "आयकार्ड दिखाओ."

"अरे वऱ्हाडाला आयकार्ड मागतोस?" आतून मॅडम अशा गरजल्या की त्या बिचाऱ्यानं दोन्ही फाटकं सताड उघडली. जनाबाय पुढे झाल्या. मॅडमनी पावाचा तुकडा ओवाळला. जनाबायनी मान तिरकी करून ताटात बघितलं. "यमुना, पाव हाय यो!"

"मग? उल्हासनगरचं घर हाय. चालवून घे."

हॉलमध्ये भाषणं झालीच नाहीत. बेंजोपुढे कुणाचं चालणार होतं? करार टेबलावर होता. सरांनी सही केली, अध्यक्षबाईंनी केली. जनाबायनी पेन घेतलं, सुनेकडे एकदा बघितलं, आणि अक्षर न् अक्षर लावत नाव लिहिलं. पेन खाली ठेवून त्यांनी सुनीताचा हात धरला आणि तो मोटवानी सरांपुढे केला. "आमची पोर देताव. नीट सांभाला."

मोटवानी सर म्हणजे व्यवहारी माणूस. पण त्यांनी नुसते हात जोडले आणि मान हलवत राहिले. मी इकडेतिकडे मॅडमना शोधत होतो. त्या मागच्या रांगेत, गावच्या बायकांमध्ये, चपटा गजरा तसाच ठेवून रडत होत्या, आणि शेजारणीला सांगत होत्या, "मी नाही गं रडत."

जून संपता संपता तुकडी सुरू झाली. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, तरी पहिला तास त्यांनी मागून घेतला. मी कॉरिडॉरमधून माझ्या वर्गाकडे चाललो होतो. त्यांच्या वर्गाच्या दारापाशी जनाबाय उभ्या. सुनेला पोचवायला आल्या होत्या आणि तिथून हलल्याच नव्हत्या.

आत मॅडम हजेरी घेत होत्या. नेहमीच्या आरड्याओरड्यानं नाही, अगदी सावकाश, प्रत्येक नाव पुरतं उच्चारत. एकेक बाई उठून 'हजर' म्हणून बसत होती. "सुनीता रमेश भोईर," मॅडम म्हणाल्या.

सुनीता उठली. ओठ हलले, पण आवाज निघेना. बाकाची कड घट्ट धरून ती नुसती उभी राहिली. मॅडमनी नाव परत घेतलं नाही, घाई केली नाही. पेन हातात धरून त्या तिच्याकडे बघत थांबल्या.

तेवढ्यात माझ्या शेजारून जनाबाय सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आयलीय ती, मॅडम! आयलीय! लिवा!"

आणि मॅडमनी लिहिलं.